चार एमएमच्या पैशात सव्वा एमएमची वायर

चार एमएमच्या, म्हणजे आतल्या तांब्याचा छेद चार चौरस मिमी असलेल्या वायरीच्या दोन बंडलांचे मी नागपूरच्या इतवारीत 12,800 रुपये मोजले. ती जळाली, मग भिंत फोडणं, नवा पाइप, नवी वायर, मजुरी यात आणखी 23,500 गेले. घरात अजून टोमणे चालूच आहेत.

दुकानदार म्हणाला, "बिल काहून पायजे भाऊ? जीएसटी वाचते न तुमचा. कंपनीचाच माल आहे." बंडल मी दोन बोटांवर उचललं. तिथंच खटकायला हवं होतं! 90 मीटरच्या बंडलात नुसतं तांबंच तीन किलोच्या वर भरतं, हे तर फुलांच्या हारासारखं हलकं. पण वर आयएसआयचा शिक्का, वायरीवर जागोजागी 4.0 छापलेलं, बाहेर मे महिन्याचं ऊन. अशात कोण बाप्पा वजनकाटा मागतो? तुम्ही मात्र मागा.

त्या लाइनवर दोन एसी, मिळून 15 अँपिअर. एका दुपारी जळका वास आला, पाहतो तर वरचं पीव्हीसीचं आवरण वितळून तारा उघड्या. 25 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच, पडलाच नाही. पडेल कसा? तो करंट ओळखतो, वायर किती तापली ते नाही.

भाचा पॉलिटेक्निकला आहे. त्यानं तारेची जाडी मोजायचा स्क्रू गेज लावला. 0.3 मिमीच्या 56 तारा हव्यात, निघाल्या 0.2 च्या 40. म्हणजे जेमतेम सव्वा चौरस मिमी. एक तार ब्लेडनं खरवडली तर आत पांढरं ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. छेद तिसऱ्या हिश्श्यावर आला म्हणून रोध तिप्पट, त्यावर ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. करंट तोच, पण वायरीच्या दर मीटर लांबीला उष्णता पाचपट.

दुकानदाराचं उत्तर काय, तर "लाइन लांब टाकली तुम्ही, म्हणून तापली." साफ खोटं. लांबी वाढली की व्होल्टेज पडतं, एकूण उष्णता वाढते. पण त्याच करंटला वायरीचा एकेक मीटर तेवढाच तापतो. तो तापतो बारीक तारेमुळं.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. वीजवाले म्हणाले, मीटरच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा. एका सरकारी कार्यालयात बिल मागितलं, दुसऱ्यात सीलबंद नमुना. जळालेली वायर कोण सील करून ठेवतं? साहेब मीटिंगला, बाबू जेवायला, अर्जाची पोच उद्या! माणूस जळून मेला असता तर पंचनाम्याला मात्र सगळे धावले असते.

बिलाशिवाय वायर घेऊ नका. शिक्क्याखालचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर (आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेचं ॲप) दुकानातच टाकून पाहा, टोक सोलून तारा मोजा, एक खरवडा. दुकानदार चिडला तर बंडल तिथंच ठेवून निघा. आणि इलेक्ट्रिशियननं सांगितलेल्या दुकानात तर जाऊच नका. माझ्यावाल्याचं कमिशन तिथं ठरलेलं होतं.