खिडकी की पडदा? अंतराळयानाच्या ब्रिजचे एक मॉडेल

दादरच्या एका दुकानात साडेतीन हजार रुपयांना मिळणारे हे मॉडेल एका काल्पनिक अंतराळयानाच्या ब्रिजचे, म्हणजे कप्तान आणि त्याचे अधिकारी जेथून यान चालवतात त्या कक्षाचे आहे. ते 1:48 प्रमाणात असून त्याचे सुटे भाग मुंबईतीलच एका लहान वर्कशॉपमध्ये थ्रीडी प्रिंटरवर काढले जातात. त्याचे वेगळेपण असे, की कप्तानाच्या खुर्चीसमोरची भिंत दोन प्रकारांत दिलेली आहे: एका भिंतीत पारदर्शक ॲक्रिलिकची रुंद खिडकी आहे, तर दुसरीत मागून प्रकाश सोडता येईल असा दुधी पडदा आहे. दोन्ही भिंती चुंबकांवर बसत असल्याने त्या हव्या तेव्हा बदलता येतात. ब्रिजवर खिडकी असावी की पडदा, या विषयावर हिरिरीने भांडणाऱ्यांची संख्या कमी नाही. 1966 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील एंटरप्राइझ या यानाच्या ब्रिजवर पडदा होता. 2009 च्या चित्रपटाने तेथे काच बसवून तिच्यावरच माहिती उमटवली, आणि तेव्हापासून चाहत्यांचे दोन तट पडले आहेत.

प्रथमदर्शनी खिडकीची भिंत बाजी मारते, हे मान्य केलेच पाहिजे. ॲक्रिलिक दोन मिलिमीटर जाडीचे आहे. प्रमाणाचा हिशेब केला तर प्रत्यक्षात ती काच सुमारे 10 सेंटीमीटरची होईल, आणि एवढी जाडी सुचणे ही बनवणाऱ्याच्या अभ्यासाची खूण आहे. कडा मात्र नीट घासलेल्या नाहीत. उजव्या कोपऱ्यात कापणीचे ओरखडे राहिले होते आणि ते बारीक पॉलिश पेपरने काढावे लागले.

परंतु आतले दिवे लावले की खिडकीची सगळी ऐट उतरते. काचेपलीकडे मी काळ्या कापडावर पांढरे ठिपके काढून तारे केले होते. ब्रिजवर उजेड होताच ते दिसेनासे झाले आणि काचेत कप्तानाची खुर्ची, पॅनेलवरचे लाल-निळे दिवे आणि माझा स्वतःचा चश्मा उमटला. प्रत्यक्षातही हेच घडेल, आणि म्हणूनच रात्री समुद्रावर जहाजाचा ब्रिज अंधारात ठेवतात. झगझगीत उजेडातले पॅनेल आणि त्यामागे लुकलुकणारे तारे हे दृश्य कॅमेऱ्यासाठी ठीक आहे, पण तेथे बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते येणार नाही.

त्याहून मोठी अडचण अंतराची आहे. 300 मीटर लांबीचे शत्रूचे यान 1,000 किलोमीटरवर असेल, तर त्याचा कोन जेमतेम एक कलेएवढा (अंशाच्या साठाव्या भागाएवढा), म्हणजे माणसाच्या डोळ्याच्या क्षमतेच्या अगदी सीमेवर येतो, आणि अवकाशात 1,000 किलोमीटर हे काही फार मोठे अंतर नव्हे. तेव्हा कप्तानाला पाहायचे ते दुर्बिणीतून, रडारमधून आणि गणकाने जुळवलेल्या चित्रातूनच. मुंबईकराला यासाठी लांब जायला नको: माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि 2017 मध्ये नौदलात दाखल झालेली आयएनएस कलवरी ही पाणबुडी खिडकीवाचूनच समुद्राखाली वावरते, आणि काचांचा ब्रिज असलेल्या युद्धनौकेवरसुद्धा लढाईची सूत्रे आतल्या, बिनखिडकीच्या ऑपरेशन्स रूममधून हलतात.

पडद्याची भिंत विचाराने बरोबर असली, तरी कारागिरीत उणी आहे. तिच्यासोबत येणाऱ्या चित्रपट्टीवरील ग्रहाच्या कडेला छपाईचे ठिपके स्पष्ट दिसतात, आणि मागचा एलईडी एकाच जागी असल्याने मध्यभागी उजेडाचा गोळा पडून कडा काळ्या राहतात. लॅमिंग्टन रोडवरून एलईडीची पट्टी आणून ती चौकटीच्या चारही बाजूंनी फिरवल्यावर कुठे चित्र सारखे उजळले. हा खर्च आणि खटाटोप ग्राहकाच्या माथी का मारावा, याचे उत्तर दुकानदाराकडे नव्हते.

खिडकीच्या बाजूने एकच युक्तिवाद मला वजनदार वाटतो, आणि तो जवळच्या कामाचा आहे. 1969 मध्ये चंद्रावर उतरताना आर्मस्ट्राँग यांनी खाली दगडधोंडे पाहिले, सूत्रे हाती घेतली आणि यान पुढे नेले. त्यांच्या त्रिकोणी खिडकीच्या काचेवर उतरण्याची जागा हेरण्यासाठी अंशांच्या खुणाही कोरलेल्या होत्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 2010 मध्ये बसवलेल्या कुपोला या घुमटासारख्या निरीक्षण कक्षाला सात खिडक्या आहेत आणि तेथून यांत्रिक हात चालवताना त्यांचा उपयोग होतो. मात्र त्या काचा अनेक थरांच्या आहेत आणि काम नसताना अवकाशातील कणांचा मार लागू नये म्हणून त्यांवर झडपा ओढल्या जातात. या मॉडेलच्या भव्य खिडकीला झडपेचा मागमूसही नाही, आणि मला ती उणीव ओरखड्यांपेक्षा अधिक खटकली.

माझ्याकडे सध्या पडद्याची भिंत बसवलेली आहे. खिडकीचे ॲक्रिलिक कापून मी त्याचे दोन लहान चौकोन बाजूच्या भिंतीत, यान गोदीला लावणाऱ्या अधिकाऱ्याच्या आसनाजवळ बसवले, आणि झडपा जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यातून कापून केल्या. पाच गुणांपैकी मी या मॉडेलला साडेतीन देईन. वर्कशॉपने पुढच्या आवृत्तीत झडपा आणि एलईडीची पट्टी दिली, तर चार हजारांनाही ते महाग म्हणता येणार नाही. सोबतच्या सूचनापत्रकातील सातवी आणि आठवी आकृती उलटसुलट छापली गेली आहे, तेव्हा रेलिंग चिकटवण्यापूर्वी ते एकदा कोरडे बसवून पाहावे.