थार फोर बाय फोर सांगून फोर बाय टू गळ्यात मारली

हिमाचलातल्या चंद्रताल तळ्याला जायचं ज्यांचं चाललंय त्यांनी हे वाचाच, आमचे अठरा हजार गेलेत. जुलैत आम्ही चौघं सोलापुरातनं कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, पुढं बसनं मनाली, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बुकिंग गावातल्याच एका एजंटकडं. मेव्हण्याच्या ओळखीतला, म्हणून खोदून काही विचारलंच नाही. 'थार फोर बाय फोर (म्हणजे चारही चाकांना जोर असलेली जीप), स्वतः चालवा, तळ्याच्या काठावर तंबू' म्हणाला आणि बारा हजार आधीच त्याच्या पर्सनल यूपीआयवर घेतले.

मनालीत गाडी आली, मागं फोर बाय फोर लिहिलेलं बघून आम्ही खूश. 'आरामात दहाला निघा' हे पण त्यानंच सांगितलेलं. अटल टनेलचे ९ किलोमीटर एकदम मख्खन, पण ग्राम्फूवरनं बातलकडं वळलं की रस्ता कसला, नुसते धोंडे. तिकडचे नाले पहाटं उतरलेले असतात, ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं, आणि आम्ही छत्रूच्या पुढं पोचलो भर दुपारी. नाल्याच्या मधोमध मागची चाकं जागेवरच गरगर फिरायला लागली, म्हटलं फोर लो टाकतो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर मिळतो, त्याचा वेगळा दांडा असतो, गिअरच्या शेजारी चाचपडतोय चाचपडतोय तर दुसरा दांडाच नाही की ओ! २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे फोर बाय टू, पण मिळती, बाहेरनं डिट्टो. ते फोर बाय फोर म्हणजे चिकटवलेला स्टिकर होता, नंतर नखानं निघाला. एका ट्रकवाल्यानं दोर लावून ओढलं, पैसे पण घेतले नाहीत बिचाऱ्यानं.

तळ्याच्या काठावर तंबू लावायला बंदीच आहे, कॅम्प अलीकडं काही किलोमीटरवर. तिथं आमच्या नावाचं बुकिंगच नव्हतं. ४३०० मीटरच्या आसपास थंडीत कुठं जाणार, सहा हजार परत मोजले.

आणि गाडीची नंबरप्लेट पांढरी. भाड्यानं स्वतः चालवायच्या गाडीला काळी प्लेट, पिवळी अक्षरं असतात. पांढरीवर अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात, हे मला परत आल्यावर कळलं. पैसे द्यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर दुसरा दांडा आणि प्लेट दाखवायला लावा, आरसीचा फोटो मागा.

एजंटनं मला ब्लॉक केलंय. मेव्हण्याला त्याचं स्टेटस दिसतं, त्यात आमचाच तळ्यावरचा फोटो टाकलाय, 'खूश कस्टमर' लिहून. निळ्या माकडटोपीतला मीच.