अपेंडिक्स माझं, आतडं मामांचं, सर्जरी डिपार्टमेंट एकच

दोन्ही ऑपरेशन्स एकाच हॉस्पिटलात झाली म्हणून लिहितेय, नाव टाकत नाही कारण तक्रारीही आहेत. पाचपैकी चार स्टार.

आधी माझं. बेंबीपाशी दुखायला लागलं आणि मग दुखणं उजवीकडे खाली सरकलं, अगदी टिपिकल. सोनोग्राफीत नीट कळेना म्हणून सीटी केला. अपेंडिक्स सुजलेलं निघालं पण फुटलेलं नव्हतं. सर्जनचं आवडलं ते हे की सही घ्यायची घाई केली नाही, सरळ सांगितलं की नुसत्या अँटिबायोटिक्सवरही बरं होऊ शकतं, पण 2020 साली अमेरिकेतल्या कोडा ट्रायलचे (अँटिबायोटिक्स की ऑपरेशन अशी तुलना केलेला अभ्यास) आकडे आले त्यात औषधांवर ठेवलेल्या दहातल्या साधारण तिघांना तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन करावंच लागलं, आणि आत खडा असेल तर ते प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास जातं. माझ्या सीटीत खडा होता. म्हटलं काढूनच टाका.

दुर्बिणीने केलं, तीन बारीक छिद्रं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण रात्री पोट राहिलं बाजूला आणि उजवा खांदा असा ठणकायला लागला की मला वाटलं हे भलतंच काहीतरी झालं. नाइटच्या सिस्टर म्हणाल्या की पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, थोडा आत राहतो, श्वासाच्या पडद्याला त्रास देतो आणि दुखतं मात्र खांद्यात. चालायला लागल्यावर हळूहळू गेलं. अहो पण हे आधी एका वाक्यात सांगायला काय जातं!

मामांचं प्रकरण मोठं होतं, सिग्मॉइडमध्ये (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग) कॅन्सरची गाठ. आतडं कापून पुन्हा जोडायचं, आणि जोड सुटायची रिस्क कितीही चांगला सर्जन असला तरी शून्य नसते, हे डॉक्टरांनी मामींसमोरच सांगितलं. आतड्याचं तोंड पोटावर काढून (त्यालाच स्टोमा म्हणतात) शौचासाठी पिशवी लावावी लागली तर म्हणून आदल्या दिवशी स्टोमाच्या सिस्टर मार्कर पेन घेऊन आल्या. मामांना झोपवलं, बसवलं, वाकायला लावलं, उभं केलं, पॅन्टचा पट्टा कुठे येतो ते बघितलं, कुठे घडी पडते ते बघितलं, मामांना स्वतःला ती जागा दिसते का ते विचारलं, आणि मग कुठे एक गोल काढला. घडीत पिशवी बसवली तर ती नीट चिकटत नाही आणि गळते. शेवटी पिशवी लागलीच नाही, पण ह्या एका गोष्टीसाठी मी अर्धा स्टार जास्तच देईन.

नंतर दुसऱ्याच दिवशी उठवून चालवलं, च्युइंगम चघळायला दिलं (आतड्याला वाटतं जेवण आलं, मग ते हलायला लागतं) आणि राऊंडला जो येईल तो एकच विचारणार, काका वारा सरला का? मामा आधी लाजायचे, नंतर स्वतःच जाहीर करायला लागले.

आता कापलेला स्टार. बायोप्सी रिपोर्ट. माझा तयार होऊन काउंटरवर पडून होता, कुणी फोन केला नाही, मीच मागे लागून आणला. अपेंडिक्सचाही रिपोर्ट बघावाच लागतो कारण क्वचित त्यात कार्सिनॉइड ट्यूमर (सहसा हळू वाढणारी एक प्रकारची गाठ) लपलेला असतो. मामांच्या वेळी तर त्यावरच केमो ठरणार होती, निदान 12 लिम्फ नोड (आतड्याजवळच्या बारीक ग्रंथी, कॅन्सर बहुधा आधी तिथे पसरतो) तरी तपासलेले असावे लागतात, त्यांचे 17 होते आणि सगळे निगेटिव्ह. ही एवढी चांगली बातमीसुद्धा आम्हालाच जाऊन विचारावी लागली. तेव्हा डिस्चार्जच्या दिवशीच रिपोर्ट कधी आणि कुणाकडे मिळणार ते कागदावर लिहून घ्या.

आणि ड्रेसिंगच्या ओपीडीत खुर्च्या वाढवा हो, पोटाला टाके असलेली माणसं भिंतीला टेकून उभी असतात.