रत्नागिरीजवळची ओहोटी-फेरी : उत्क्रांती शिकवणाऱ्यांनी जरूर करावी

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. मुलं नैसर्गिक निवडीची व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात, आणि तरीही जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली हेच त्यांच्या मनात पक्कं राहतं. जिराफ त्यांनी पाहिलेला नाही. कालवं आणि खेकडे मात्र त्यांनी पाहिलेत, खाल्लेही आहेत. म्हणून यंदा वर्गातल्या काही जणांना घेऊन ओहोटीत उघड्या पडणाऱ्या कातळावरच्या या फेरीला गेले.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यावर एक तरुण जोडपं ही फेरी चालवतं. दोघंही, म्हणजे ताई आणि दादा, प्राणिशास्त्र शिकलेले. सोबत गावातल्या एक काकी असतात, ज्यांचं आयुष्य याच खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळावर, कालवं काढण्यात गेलंय. तीन तासांचे माणशी चारशे रुपये, विद्यार्थ्यांना अडीचशे. एका वेळी बारापेक्षा जास्त माणसं घेत नाहीत, आणि हे फार चांगलं आहे, कारण कातळावर गर्दी झाली की पायाखाली काय चिरडतंय ते कुणालाच कळत नाही.

आम्हाला पौर्णिमेनंतरची द्वितीया दिली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब काकींनी मुलांकडूनच करून घेतला: दोनची पाऊणपट दीड, दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. आम्ही सहालाच खाली उतरलो आणि मागे सरणाऱ्या पाण्याबरोबर पुढे गेलो.

पहिला अर्धा तास फक्त बार्नॅकलवर गेला. होडीच्या बुडाला चिकटणारी ती पांढरी, धारदार टोपणं. मुलांना तो शिंपल्याचा प्रकार वाटत होता. ताईंनी पाण्याच्या डबक्यात भिंग धरून दाखवलं: टोपण उघडतं आणि आतून पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी गाळतात. हा प्राणी कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला. पिल्लू असताना पोहतो, मग डोक्याकडून कातळाला चिकटतो आणि उरलेलं आयुष्य पायांनी अन्न ओढत काढतो. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्यांवर घालवली. एकाच जातीतले नमुनेसुद्धा एकमेकांसारखे नसतात, या गोष्टीने त्याला वर्गीकरण करताना हैराण केलं. 'द ओरिजिन ऑफ स्पीशीज' आलं १८५९ मध्ये, या कामानंतर. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो, कारण फरकच नसतील तर निवड कशाची होणार? आपण शिकवताना थेट 'जगण्याची स्पर्धा' इथून सुरुवात करतो आणि फरक दोन ओळींत उरकतो. इथे फरकच आधी येतात.

कारण त्यानंतरचा खेळ तोच होता. दोघा-दोघांनी एक हातभर कातळ निवडायचा, त्यावरच्या एकाच जातीच्या गोगलगायी ट्रेमध्ये घ्यायच्या, मापायच्या, आणि जिथून उचलल्या तिथेच परत ठेवायच्या. काही काळ्या, काही राखी पट्ट्यांच्या, एखादी जवळजवळ पिवळी. काहींच्या कवचाच्या कडेला वेडीवाकडी शिवण दिसते. खेकड्याने कड तोडली, गोगलगाय वाचली आणि तिने कवच पुन्हा वाढवलं, त्याची ती खूण. रिकाम्या शिंपल्यांमध्ये काहींना गोल, सुबक भोक होतं. दुसऱ्या एका मांसाहारी गोगलगायीने ते पाडून आतला जीव खाल्लेला. एका मुलीने विचारलं, "मग ही शिवण तिच्या पिल्लांना पण येणार का?" धडा शिकवताना हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. उत्तर घाईने दिलं गेलं नाही. ताईंनी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं: जखम पुढच्या पिढीत जात नाही. पण जन्मतःच थोडं जाड कवच असलेली गोगलगाय वाचण्याची शक्यता जास्त, आणि तो जाडपणा आईबापांकडून येत असेल तर पुढच्या पिढीत तशा गोगलगायी वाढतात. बदलते ती सगळी वस्ती, एकटी गोगलगाय नव्हे.

मग त्यांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याचं उदाहरण सांगितलं. तिथल्या मेन राज्यात साधारण १९०० च्या सुमारास युरोपातून आलेला हिरवा खेकडा पोचला. त्याआधी गोळा करून ठेवलेले एका गोगलगायीचे शंख पातळ आणि उंच शेंड्याचे होते, नंतरचे जाड आणि बसके. रॉबिन सीली या संशोधिकेने १९८६ मध्ये ही तुलना प्रसिद्ध केली. शंभर वर्षांच्या आत दिसणारा बदल! मुलं एकदम गप्प झाली. त्याहून मला आवडलं ते पुढचं. पाण्यात खेकड्याचा वास असेल तर गोगलगाय स्वतःच्या आयुष्यातच कवच जाड करते, हेही नंतर प्रयोगांत दिसलं, त्यामुळे तो सगळा बदल निवडीचाच असं छातीठोक सांगता येत नाही, हे ताईंनी लपवलं नाही. दहावीच्या मुलांना हे झेपतं. त्यांना सोपं करून खोटं सांगण्याची गरज नाही.

काकींचा भाग छोटा होता, पण मला तो फेरीचा कळस वाटला. वरच्या पट्ट्यातली कालवं बारीक राहतात, कारण उन्हात जास्त वेळ कोरडी पडतात. खालची मोठी होतात, पण तिथे त्यांना खाणारेही जास्त. "आणि सगळ्यात मोठी आम्ही नेतो," काकी म्हणाल्या. यावर एका मुलाने विचारलं की मोठी तेवढीच काढत राहिलं तर बारकीच उरतील का? तेव्हा न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची गोष्ट निघाली. बेसुमार मासेमारीच्या काळात तो मासा कमी वयात आणि लहान आकारात वयात येऊ लागला होता. १९९२ मध्ये तिथे मासेमारीच बंद करावी लागली. जाळं हीसुद्धा एक निवड. ज्यांच्या घरात होडी आहे अशी दोन मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांनी घरी जाऊन जाळ्याच्या आसाच्या (भोकाच्या) मापाबद्दल वडिलांना विचारलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता खटकलेलं. शेवटचा पाऊण तास खाडीच्या तोंडाशी तिवरांत असतो आणि तो भाग दादा घेतात. झाडांची ओळख उत्तम, पण समज पहिल्या दोन तासांच्या उलट दिली जाते. "तिवराला मीठ सोसायचं होतं म्हणून त्याने पानातून मीठ बाहेर टाकायला सुरुवात केली," असं ते म्हणाले. झाडाला काही हवं असल्याने काही होत नाही. खारट चिखलात ज्यांची मीठ टाकण्याची क्षमता थोडी जास्त होती ती टिकली आणि त्यांचं बी रुजलं, एवढंच सांगायचं होतं. निवटीबद्दलही तेच. चिखलावर परांनी सरकणारा हा मासा पाहून मुलं हरखून गेली, आणि दादांनी त्याला 'माशातून बेडूक होण्याच्या वाटेवरचा' म्हटलं. निवटी कशाच्याच वाटेवर नाही; ती आजच्या चिखलात आज उत्तम जगणारी मासळी आहे. पाण्यातून जमिनीवर आलेल्या पूर्वजांचा मागोवा टिक्टालिकसारख्या साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत घ्यावा लागतो. शेवटी मिळणाऱ्या रंगीत कार्डावर माकडापासून माणसापर्यंतची ती रांगही छापली आहे. आपण आणि आजची माकडं एकाच पूर्वजाच्या वेगवेगळ्या फांद्या आहोत, हे शिकवायला मला वर्गात दोन तास लागतात आणि ते कार्ड ते दोन तास पुसून टाकतं. मी दोघांनाही हे समोर सांगितलं. ताईंनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या छपाईत रांगेच्या जागी फांद्यांचं चित्र यावं, ही माझी मनापासून विनंती.

बाकी किरकोळ. नाश्त्याला घावणे आणि चटणी मिळते, पोटभर. स्वच्छतागृह थेट वर रस्त्याजवळ आहे, मुलींना आधीच सांगून ठेवा. मागे पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल घाला. साध्या चपला शेवाळावर टिकत नाहीत आणि बार्नॅकलने पाय कापतो.

पाचपैकी चार तारे. पावसाळ्यात फेरी बंद असते. शाळेची सहल न्यायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत न्या आणि तारीख ठरवताना तिथी बघा. सोयीचा रविवार म्हणून अष्टमीच्या आसपासचा दिवस घेऊ नका: भांगाच्या, म्हणजे कमी उतरणाऱ्या, ओहोटीला कातळाचा खालचा पट्टा उघडाच पडत नाही, आणि काकींची मोठी कालवं तिथेच आहेत.