यात्रा वन: आठ महिने बरण्यांवर

वहिनींच्या घरगुती चटण्या-मसाल्यांची लेबलं मी करते. गेले आठ महिने सगळ्या नावांसाठी 'यात्रा वन' हाच फॉन्ट वापरला. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि खुला परवाना असल्यामुळे विकायच्या मालावर वापरायलाही आडकाठी नाही.

कॅथरीन ली श्मिट यांनी त्याची देवनागरी मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतली. मी डोंबिवलीची. 'गोडा मसाला' टाइप केलं आणि ब्रशचा तो तिरका कट लगेच ओळखला. अक्षरं गुबगुबीत, खेळकर, तरी लांबून स्वच्छ वाचता येतात. 'कारळ्याची चटणी'मधला 'ळ' तर मी नुसता बघत बसते.

मला सगळ्यात भावलं ते त्यातलं रोमन. देवनागरीचा बोरू आणि रोमनची लेखणी यांचे कट एकमेकांच्या उलट, म्हणून दोन्ही लिप्या शेजारी ठेवल्या की दोन माणसांनी लिहिल्यासारख्या दिसतात. इथे रोमनलाच देवनागरीचा कट दिला आहे. जाड रेघ जिथे असायची तिथे बारीक येते. आधी डोळ्यांना खटकतं, पण लेबल एका हाताचं वाटतं. एरवी जुळवून घ्यायची पाळी आपल्या लिपीवर येते. इथे रोमनवर आली, याचा मला मनापासून आनंद आहे.

वजन, म्हणजे अक्षरांच्या रेघेची जाडी, मात्र एकच. ठळक करायला 'बी'चं बटण दाबू नका. सॉफ्टवेअर रेघा नुसत्या फुगवतं आणि अक्षरांची पोटं बुजतात. मी एकदा ते केलं आणि दोनशे लेबलं वाया गेली. बारीक मजकुरालाही हा फॉन्ट नाही. घटक, मालाचं वजन, १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक यांसाठी मी 'एक टाइप' या फॉन्ट-संस्थेचा 'मुक्ता' घेते. त्यात सात वजनं आहेत आणि तो यात्राशेजारी शांत बसतो.

छपाईला देताना फाइल कर्व्ह करूनच द्या, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून. आमच्या प्रेसमधल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडची जोडाक्षरं सुटी झाली आणि वेलांट्या भलतीकडे गेल्या. फॉन्टचा त्यात काही दोष नव्हता.

एकच गोष्ट अजून सलते. पेंटरच्या हातची दोन अक्षरं कधी तंतोतंत सारखी नसतात. 'चिंचेची चटणी'त चार 'च' येतात आणि चारही हुबेहूब एकच, तिथे हाताचा भास मोडतो. म्हणून कर्व्ह केल्यावर मी दुसऱ्या आणि चौथ्या 'च'चं पोट जरासं ओढते, एकाची शेपटी किंचित लांबवते. लेबलामागे दहा मिनिटं जातात. परवा वहिनींनी विचारलं, ही बरणी पेंटरकडून रंगवून घेतलीस का?