मित्राच्या मागे उरलेल्या कॅसेट आणि यूएसबी कॅसेट प्लेयर: कितपत पुरतो?

गाण्याचं वेड असलेला माणूस गेला की मागे दोन-चार खोकी उरतात. वरच्या थरात एचएमव्ही, अलूरकर, टी-सीरिजच्या छापील कॅसेट. खाली बॉलपेनने राग आणि तारीख लिहिलेल्या साठ-नव्वद मिनिटांच्या कॅसेट: आकाशवाणीचा शनिवार रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम, गल्लीतल्या गणेशोत्सवातलं गाणं, कुणाच्या तरी दिवाणखान्यातली बैठक. दिवसकार्य उरकतं न उरकतं तोच मित्रांपैकी कुणीतरी म्हणतं, "हे सगळं पेनड्राइव्हवर घेऊन ठेवू या," आणि वॉकमनसारखा दिसणारा यूएसबी कॅसेट प्लेयर ऑनलाइन मागवला जातो. हे परीक्षण त्या यंत्राचं. निरनिराळ्या नावांनी विकली जाणारी ही स्वस्त यंत्रं आतून इतकी सारखी असतात की एखादा ब्रँड वेगळा काढण्यात अर्थ नाही.

निकाल आधीच सांगतो: कॅसेट ऐकून वेगळ्या काढायला हे यंत्र छान आहे, जपून ठेवायची प्रत करायला नाही.

आधी चांगली बाजू. दोन पेन्सिल सेलवर किंवा लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतं. जोडलं की संगणकाला ते माइकसारखं दिसतं, त्यामुळे ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लगेच ध्वनिमुद्रण सुरू करता येतं. खोक्यात शंभर कॅसेट असतील तर कशात काय आहे हे बघायला एवढं पुरे. प्रत्येक बाजूची सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकायचा, कॅसेटवर क्रमांकाची चिठ्ठी लावायची, वहीत नोंद करायची. शेवट मात्र चुकवू नका. गाणं संपल्यावर उरलेल्या फितीवर माणसं बोललेली असतात: "हा मारवा संपला, आता उलटी बाजू", "अहो, चहा झाला का?" छापील कॅसेटमधलं बरंचसं गाणं आज इतरत्र, तेही जास्त स्वच्छ, ऐकायला मिळतं. त्यांच्यामागे दिवस घालवू नका. हाताने नाव लिहिलेल्या कॅसेट आणि त्यांतला मित्राचा आवाज, मेहनत तिथे करायची.

आता हे यंत्र कुठे कमी पडतं ते बघू. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. या यंत्रांतली मोटर ती गती नेमकी राखत नाही. गती सहा टक्क्यांनी वाढली की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पेटीच्या काळी एक पट्टीचा गवय्या पांढरी दोनमध्ये गातो आणि मित्राचा आवाज अनोळखी, पोरसवदा वाटायला लागतो. एकसारखी चूक संगणकावर दुरुस्त करता येते, गतीची थरथर दुरुस्त करता येत नाही. सिनेमाच्या गाण्यात ती लपून जाते, तानपुऱ्यात लपत नाही: षड्ज डुलायला लागतो. म्हणून कुठलंही यंत्र पारखायचं तर तानपुऱ्याने सुरू होणारी कॅसेट लावावी, अर्ध्या मिनिटात कळतं.

दुसरी अडचण हेडच्या, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या, कोनाची. हेडची फट फितीशी बरोबर काटकोनात नसेल तर वरचे स्वर बोथट होतात, आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येतो. घरातल्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्रावर) भरलेल्या कॅसेटचा कोन त्या टू-इन-वनचा असतो, म्हणून तो प्रत्येक वेळी जुळवून घ्यावा लागतो. स्वस्त प्लेयरमध्ये त्या स्क्रूपर्यंत पोचण्याची सोय बहुधा नसते. शिवाय यूएसबीच्या विजेतून आणि मोटरमधून येणारी बारीक शीळ शांत आलापात ऐकू येते, आणि फितीची खरखर कमी करणारा डॉल्बी तर नसतोच.

सोबत मिळणारं सॉफ्टवेअर वापरूच नका. शांतता दिसली की नवं गाणं सुरू झालं असं समजून ते फाइल तोडतं. चित्रपटगीतांना हे चालतं. ख्यालात तानपुरा वाजत राहतो म्हणून ते कुठेच तोडत नाही, आणि बोलणं असेल तर वाक्यावाक्याला तोडतं.

खरी प्रत करण्यासाठी जुना, दुरुस्त केलेला कॅसेट डेक आणि डेकचा आवाज संगणकात नेणारं वेगळं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावं. बेरिंजर यूसीए२२२सारखं साधं इंटरफेस १६ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चालतं आणि कॅसेटसाठी ते भरपूर झालं. डेकच्या लाइन आउटमधून तांबड्या-पांढऱ्या पिनांची वायर त्यात लावायची. हेडफोनच्या भोकातून आवाज घेऊ नये. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या डेकचे रबरी बेल्ट सैल किंवा चिकट झालेले असतात, ते बदलल्याशिवाय त्यात मोलाची कॅसेट घालू नका. हेड आणि कॅप्स्टन (फीत सरकवणारा धातूचा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दांड्यावर फीत दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल अगदी बेताने. कोन जुळवताना आवाज मोनो (डावी-उजवी बाजू एकत्र) करून हेडफोन लावा आणि हेडशेजारचा छोटा स्क्रू केसाएवढा फिरवत 'स', 'श' सर्वांत स्वच्छ ऐकू येतात तिथे थांबा.

कॅसेट लावण्याआधी खिडकीतून फितीचं रिळ बघा. कडेला पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, कोकणात आणि मुंबईत हे फार. अशी कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, तोंडाला मास्क लावा आणि तिच्यानंतर डेक पुसल्याशिवाय दुसरी लावू नका. कॅसेटच्या पाठीवरच्या प्लॅस्टिकच्या दोन खुट्ट्या शाबूत असतील तर तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे रिळाचा ताण सारखा होतो. आवाज येतो-जातो असं झालं तर फितीमागची नमद्याची बारीक गादी पडली आहे का बघा, तिचा गोंद वाळतो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या कॅसेटमधली गादी बसवता येते. स्क्रू नसलेलं कवच मात्र शिवणीवरून जपून फोडून आतली दोन्ही रिळं स्क्रूच्या कवचात हलवावी लागतात. फीत तुटली तर सेलोटेप कधीही नको, तिचा गोंद पाझरून पुढच्या वेढ्याला आणि हेडला लागतो. फीत जोडायची स्प्लाइसिंग टेप वेगळी मिळते.

आवाजाची पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठी तान किंवा टाळ्या उणे ६ डेसिबलच्या आसपास येतील. पूर्ण बाजू एकाच डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या आवाजाच्या) फाइलमध्ये घ्या. मिनिटाला ११-१२ एमबी धरा, म्हणजे नव्वदची कॅसेट साधारण एक जीबी. नंतर ती फ्लॅक या फाइल-प्रकारात बदलली की जागा बरीच वाचते आणि आवाजातलं काहीच जात नाही. एमपी३ फक्त वाटण्यासाठी.

खरखर काढण्याचा मोह आवरायला हवा. नॉइज रिडक्शनला "नुसती खरखर" म्हणून जो तुकडा दाखवतात, त्यात बैठकीच्या कॅसेटमध्ये तानपुरा असतोच. मग यंत्र इमानेइतबारे तानपुराच पुसतं आणि गाणं पोरकं होतं. नुसत्या बोलण्याच्या तुकड्यावर ६ डेसिबलपर्यंत लावा, तेही वेगळ्या प्रतीवर. मागचा पंखा, कुकरची शिट्टी, दाद देणारे शेजारी राहू द्या.

गती तपासायला त्या घरची पेटी अजून असेल तर सोन्याहून पिवळं. कॅसेटमध्ये तीच वाजली असेल तर पट्टी दाबून सूर लावून बघा. नाही तर ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात) विजेची ५० हर्ट्झची घरघर शोधता येते. पण तेव्हा विजेच्या ग्रिडची वारंवारिता बरेचदा ५०च्या खाली असे, म्हणून एक-दोन टक्के इकडेतिकडे धरा. सेलवर भरलेल्या कॅसेटमध्ये सेल उतरत गेल्याने शेवटाकडे सूर हळूहळू चढत जातो. ते यंत्राचं नाही, मूळ मुद्रणाचंच दुखणं आहे.

आणखी एक गोष्ट परीक्षणाच्या कक्षेबाहेरची, पण उपयोगाची. दिलदार माणसाचा संग्रह त्याच्या घरात कधीच पूर्ण नसतो. उत्तमातल्या कॅसेट त्याने ऐकायला दिलेल्या असतात, मागेल त्याला प्रती करून दिलेल्या असतात. मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर "त्याच्या अक्षरातली कॅसेट कुणाकडे आहे का?" एवढं विचारा. प्रतीत खरखर जास्त असते, पण मूळ कॅसेट बुरशीने गेली असेल तर तीच खरी.

श्रद्धांजली सभेत काही ऐकवायचं असेल तर तीन-चार मिनिटांचं गाणं आणि वीसेक सेकंदांचा त्याचा आवाज पुरतो. आवाजाचा तुकडा वहिनींना किंवा घरच्यांना आधी एकांतात ऐकवा आणि त्या हो म्हणाल्या तरच सभेत लावा. हॉलचे स्पीकर बहुधा मोनो असतात. कोन नीट जुळला नसेल तर डावी-उजवी बाजू एकत्र होताना वरचे स्वर नाहीसे होतात, म्हणून एकच बाजू निवडून तीच दोन्हीकडे ठेवा.

एवढा खटाटोप झेपत नसेल तर कॅसेटचं डिजिटल करून देणाऱ्या दुकानात द्या, पण चार प्रश्न विचारून: फाइल डब्ल्यूएव्ही देणार का, हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला जुळवता का, खरखर न काढलेली प्रत मिळेल का, आणि मूळ कॅसेट परत मिळणार ना. पहिल्या तीनपैकी दोन उत्तरं गोलमाल आली तर तिथे सगळं खोकं नेऊ नका, आधी बिनमहत्त्वाची एक कॅसेट देऊन बघा.

मग यूएसबी प्लेयर घ्यावा का? वीसहून अधिक कॅसेट असतील तर घ्या, निवड करायला तो आपली किंमत वसूल करतो. चार-पाचच असतील तर तेच पैसे चांगल्या दुकानाला द्या. काम झाल्यावर कॅसेट टाकू नका: शेवटपर्यंत वाजवून गुंडाळलेल्या, डबीत उभ्या, सिलिका जेलच्या पुड्यांसह आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब ठेवा. फाइलींच्या तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवायला द्या.