पाव फेऱ्याची तोटी : आठ महिन्यांनंतर

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरातली पितळी तोटी काढून सिरॅमिक डिस्कची बसवली. आता जून लागला, म्हणून लिहितो.

जुनीचा त्रास एकच, वायसर. तिची चावी फिरवली की आतला दांडा खाली येऊन रबर दाबतो आणि पाणी थांबतं. रबर झिजलं की थेंब सुरू, थेंब दिसले की आपण आणखी आवळतो, त्यानं रबर आणखी कापतं. आमच्या आईचा हात जड, त्यामुळे वायसर सतत आणावे लागायचे.

नवीन तोटीत गुळगुळीत चकत्यांची जोडी असते. भोकं समोरासमोर आली की पाणी, पाव फेरा दिला की बंद. हात कणकेनं भरलेले असले तरी मनगटानं दांडी ढकलता येते. आईला एवढंच आवडलं, पण फार आवडलं.

पण आमच्या टाकीत पेंच धरणाचं पाणी कमी पडलं की बोअरचं चढतं, आणि ते क्षाराचं. फेब्रुवारीत धार बारीक होऊन भिंतीकडे वळायला लागली. तोंडाची जाळी काढली तर आत पांढरी खर आणि चार-पाच वाळूचे कण. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, साफ झाली. आता महिन्यातून एकदा हे काम माझ्याकडे आहे.

एप्रिलमध्ये दांडीच जड झाली. प्लंबरनं आतलं कार्ट्रिज, म्हणजे चकत्या बसवलेला सुटा भाग, काढून दाखवलं, क्षार धरले होते. बदलायचं तर दुसऱ्या कंपनीचं चालेना. वरचे दाते जुळत नाहीत. तीन दुकानं फिरलो भर उन्हात. वायसर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळायचा हो! घेताना सुटं कार्ट्रिज मिळतं का, हे आधी विचारा.

अशीच एक अंगणात नळाच्या थेट लाइनवर लावली होती. तिथं दाब जास्त. झटकन बंद केली की पाणी एकदम अडतं आणि पाइप भिंतीत धाडकन वाजतो. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, काय पडलं? शिवाय तिच्या तोंडावर कूलर भरायचा पाइप बसेना, मे महिन्यात ते कसं चालेल?

शेवटी स्वयंपाकघरातली जुनी पितळी अंगणात लावली. पाइप तिच्यावर घट्ट बसतो. आई अजून आवळतेच. मी वायसरचं पाकीट कूलरच्या स्टँडलाच बांधून ठेवलंय.